हात केल्याशिवाय गाडी हलायची नाही

ड्रायव्हर लोकांकडे किस्से फार साचतात. त्याला कारण आहे. आमचं निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात जातं आणि निम्मं वाट बघण्यात. चालवताना बोलायची सोय नसते, कारण मागं साहेब झोपलेला असतो. मग ते सगळं वाट बघताना बाहेर पडतं. इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर आमचा भाड्याच्या गाड्यांचा अड्डा होता. तिथं लिंबाखाली बसून आम्ही एकेक गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे, की त्या लिंबालाही पाठ झाल्या असतील!

काळ नव्वदच्या दशकातला. लोणी देवकरला एमआयडीसी नुकती उभी राहत होती. बाहेरच्या देशातून मशिनं यायची आणि मशिनांच्या मागून ती बसवणारी माणसं. ही माणसं मुंबईत उतरून दुसऱ्या विमानानं पुण्याला यायची. त्यांना लोहगावच्या विमानतळावरून घ्यायचं, पुण्यात हॉटेलवर सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर आणायचं, हे काम आमच्याकडे होतं.

आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. एक मी, दत्ता. दुसरा पोपट. हा वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, त्यामुळं आम्ही सगळे खेडवळ आणि हा एकटा शहरी, अशी त्याची पक्की समजूत. आणि तिसरे आबा. मूळचे कऱ्हाटीचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांच्या हातात मात्र अँबॅसिडरचं स्टिअरिंग आलं. पांढरी टोपी, कमी बोलणं, आणि एका कानानं जरा कमी ऐकू यायचं. मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून पाहुणा परदेशी असला की मला आबांच्या शेजारी बसवून पाठवायचे.

आबांचा एक नियम होता. पाहुण्याला हॉटेलच्या दारात सोडून निघायचं नाही. पाहुणा खोलीत गेला पाहिजे, खिडकीत आला पाहिजे आणि त्यानं हात केला पाहिजे. मग आबा एक बारीक हॉर्न द्यायचे आणि मगच गाडी हलायची.

हे सगळं इंग्रजीत समजावून सांगायचं काम कुणाचं? माझं! "सर, प्लीज, विंडो, हँड." लोक माझ्याकडं असे बघायचे की मलाच हॉटेलात लपून बसावंसं वाटायचं.

*

हा नियम आला कुठून, ते आबांनी आम्हाला एकदाच सांगितलं.

त्यांचं विमानतळाचं पहिलंच भाडं. म्हातारा पाहुणा होता, दक्षिणेकडचा, कुठल्याशा पंपाचा जाणकार. आबांनी त्याला हॉटेलच्या दारात उतरवलं, बॅग हातात दिली, नमस्कार केला आणि निघून आले. सकाळी न्यायला गेले तर म्हातारा हॉटेलच्या बाहेर फुटपाथवर, बॅगेवर बसलेला. आत त्याच्या नावाची खोलीच नव्हती. दुसरीकडं कुठं जावं हे त्याला माहीत नव्हतं आणि भाषा येत नव्हती. आबांना बघून तो उठला आणि हसला. रागावला नाही.

"त्यो रागावला आस्ता तर बरं झालं आस्तं रं," आबा म्हणाले. "आमचा बा मेंढरं वाघरीत घालायचा. चारी बाजूनं जाळी. शेवटचं मेंढरू आत गेल्याबिगर त्यो माघारी फिरला न्हाय कंदी. आन् म्या माणूस दारात सोडून आलो."

त्यानंतर आबांनी कुणालाही दारात सोडलं नाही. आम्हीही मग तेच करायला लागलो. करायला लागलो म्हणजे काय, आबा विचारायचेच: "पोपटराव, हात केला का पाव्हण्यानं?" खोटं सांगायची सोय नव्हती. पोपटचा चेहराच सगळं सांगून टाकायचा.

*

पोपटचा किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर तो रुसेल.

पोपटला पहिल्यांदा परदेशी पाहुण्याचं भाडं मिळालं तेव्हा त्याच्या आईला फार काळजी. समुद्रापलीकडून माणूस येतोय, किती गावांच्या वेशी ओलांडून येतोय, तसाच कसा गाडीत घेणार? आपल्याकडं लांबून आलेल्या माणसावरून उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. आईनं पोपटबरोबर फडक्यात भाकरीचा तुकडा आणि बाटलीत पाणी दिलं.

स्वतःला शहरी म्हणवणारा पोपट आईपुढं काय बोलणार? विमानतळाबाहेर गोरा साहेब आला. पोपटनं त्याला थांबवलं, भाकरी त्याच्यावरून ओवाळली आणि आता ती टाकायची म्हणून हात बाजूला केला. साहेबाला वाटलं, देतोय! त्यानं दोन्ही हातांनी तो तुकडा घेतला, मान झुकवली आणि खाऊन टाकला. वर मागितलं, आणखी आहे का?

पोपट त्या दिवशी हॉटेलखाली फार वेळ उभा होता. साहेबानं खिडकीतून हात केला, हॉर्न वाजला, तरी हा हलेना. इंदापूरला परत आल्यावर त्यानं आबांना विचारलं, "आबा, आता ह्या साहेबाची इडापिडा कुठं गेली म्हणायची?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "त्येच्याच पोटात. उद्या ईचार, पोट बरं हाय का म्हून."

दुसऱ्या दिवशी पोपटनं खरंच विचारलं! साहेबाचं पोट ठणठणीत होतं. तो आणखी भाकरी मागत होता.

*

हॉटेलवाल्यांशी आमचं कधी पटलं नाही. त्या काळात पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांच्या दारात वॉचमन म्हणजे फौजदाराचा बाप! गाडी उभी करू द्यायची नाही आणि हॉर्न तर मुळीच वाजवू द्यायचा नाही. त्या डगलेवाल्यांचा मला अजून राग आहे. पगार त्यांना आमच्याएवढाच, पण रुबाब मालकाचा.

एका हॉटेलात पाहुण्याला मागच्या बाजूची खोली मिळाली. समोरच्या कुठल्याच खिडकीत तो दिसेना. मी म्हटलं, "आबा, चला आता. गेला असेल झोपायला."

आबांनी गाडी फिरवली. हॉटेलच्या मागं धोबीगल्ली होती, दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या. त्या चादरींखालून वाकून आबा पुढं गेले आणि मान वर करून उभे राहिले. वर जिन्याच्या बाजूला एका खिडकीत आमचा पाहुणा उभा होता. तोही आम्हालाच शोधत होता! त्यानं दोन्ही हात केले. गल्लीतल्या धोब्याच्या बायकोनंही खालून त्याला हात केला. आबा परत आले आणि हॉर्न दिला.

पुढं पुढं त्या हॉटेलातला काउंटरवरचा माणूस आम्हाला बघितलं की न सांगता रस्त्याकडची खोली द्यायचा. वॉचमन तेवढा शेवटपर्यंत सुधारला नाही.

*

एकदा हात आला नाही.

कलकत्त्याचे एक सेनगुप्ता नावाचे इंजिनिअर होते. नेहमी येणारे, हसतमुख. गाडीत बसले की आबांच्या टोपीची चौकशी करायचे. त्या संध्याकाळी विमानातून उतरतानाच दमलेले दिसले. हॉटेलवर आम्ही त्यांना सोडलं. वर खोलीत दिवा लागला, पण खिडकी रिकामी.

"विसरले असतील," मी म्हणालो.

"त्ये न्हाय इसरायचे."

आबा आत गेले. वॉचमननं अडवलं, तर त्याला बाजूला सारून गेले. आबांनी कुणाला हात लावलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. काउंटरवरच्या माणसाला घेऊन वर गेले, दार उघडायला लावलं. सेनगुप्ता साहेब पलंगाच्या शेजारी खाली पडलेले. श्वास चालू होता. आम्ही त्यांना उचलून अँबॅसिडरमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टरनी आबांना विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"डायवर."

"मग तुम्ही थांबला नाहीत तरी चालेल. आम्ही कळवतो कंपनीला."

आबा म्हणाले, "न्हाय डाक्टर. मी यास्नी अजून सोडलं न्हाय."

आबा तिथंच बाकावर बसून राहिले. सेनगुप्ता साहेब वाचले. दवाखान्याची खोली तळमजल्यावर होती, दाराला काच होती. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यांनी काचेतून आबांना बघितलं आणि सलाइन लावलेला हात जेवढा उचलता येईल तेवढा उचलला. आबा उठले, बाहेर गेले आणि गाडीपाशी जाऊन हॉर्न दिला. दवाखान्याच्या आवारात!



*

आता क्लाउस साहेब.

हा जर्मनीचा. साठीच्या घरात, उंच, ओठ कायम मिटलेले. कारखान्यात मोठं मशीन बसवायला वरचेवर यायचा. पोपटनं त्याचं नाव खडूस साहेब ठेवलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पुणे ते लोणी देवकर सगळा रस्ता तो खिडकीबाहेर बघत यायचा. पाटस गेलं, भिगवण गेलं, तरी एक शब्द नाही.

पहिल्याच दिवशी मी त्याला हात करण्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मी लहान मूल नाही." वर गेला आणि खोलीचा पडदा ओढून घेतला. आम्ही खाली उभे. बराच वेळ गेला. पडदा बाजूला झाला, त्यानं खाली बघितलं, गाडी अजून तिथंच. पडदा पुन्हा बंद. पुन्हा उघडला. आम्ही होतोच.

शेवटी लिफ्टनं साहेब खाली आला. पायात स्लिपर, अंगात घरातला शर्ट. तरातरा चालत गाडीपुढं आला आणि काचेसमोर पंजा धरून ओरडला, "हा घ्या हात! बघितला?"

आबांनी मान डोलावली आणि हॉर्न दिला. साहेब दचकून मागं सरला. मी मान खाली घातली. आबांना मात्र काहीच वाटलं नाही. "खोलीत पोचलाय. आता झोपंल," म्हणाले आणि गाडी काढली.

पुढच्या खेपेला साहेबानं मधेच, भिगवणच्या अलीकडं, मला विचारलं की हा माणूस असं का करतो. मी आबांना विचारलं. आबांनी म्हाताऱ्या पाहुण्याची गोष्ट सांगितली, मेंढरांची सांगितली, वाघरीची सांगितली. जमेल तसं मी इंग्रजीत केलं. त्या संध्याकाळी मात्र तो स्वतःहून खिडकीत आला. हात असा केला, जसा पोलीस रहदारी थांबवतो. पण केला.

*

आबांची मुलगी नंदा. तिची आई ती लहान असतानाच गेली. आबांनीच तिला वाढवलं. ती बारामतीला डिप्लोमा करत होती, तेव्हा आबा तिला होस्टेलवर सोडायचे आणि खाली उभे राहायचे. ती लाजेनं लाल व्हायची. "आबा, पोरी हसत्यात हो! तुमी जावा की!" म्हणायची. मग पडद्याआडून नुसती बोटं हलवायची, कुणाला दिसू नये अशी. आबांना तेवढी पुरायची.

डिप्लोमा झाल्यावर तिला लोणी देवकरच्याच कारखान्यात काम मिळालं, आणि नेमकं क्लाउस साहेबाच्या मशीनवर. पोरगी हुशार. साहेबानंच सुचवलं की हिला ट्रेनिंगला जर्मनीत पाठवा. कारखान्यानं मान्य केलं.

भावकीत चर्चा सुरू झाली. धनगराची एकटी पोर, बिनलग्नाची, विमानानं परदेशात? आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. नको म्हणाले नाहीत. कारखान्यातल्या मॅनेजर साहेबांना भेटायला गेले. मी बरोबर होतो.

"तितल्या इमानतळावरनं तिला कोण न्हेनार सायेब?"

मॅनेजर चांगले होते. त्यांनी नीट सांगितलं. विमानतळाखालूनच रेल्वे मिळते, मग थोडं चालायचं, हॉटेलचं बुकिंग झालेलं आहे, पत्ता दिलेला आहे. तिकडं सगळे असंच जातात, काळजी करू नका.

"एकटीच?"

"आबा, तिकडं अशी पद्धत नसते. न्यायला-आणायला कुणी येत नाही."

येताना आबा गाडीत म्हणाले, "शिकू दे तिला. मी आडवा येणार न्हाय. पर दत्ता, ती खोलीत पोचली एवढं कुणीतरी बघाय पायजेल रं. येवढंच. दुसरं काय न्हाय मागत मी."

मी म्हटलं, "आबा, क्लाउस साहेब परवा परत जातोय. आपणच सोडणार आहोत. त्याला सांगू या."

"आजाबात न्हाय. पाव्हण्याला काम सांगायचं न्हाय."

"अहो पण—"

"न्हाय म्हंटलं ना!"

साहेबाला आम्ही विमानतळावर सोडलं. आबांनी बॅग उतरवून दिली, नमस्कार केला. मी ओठ आवळून उभा होतो. आबांच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमत नव्हती. साहेब नेहमीसारखा एक शब्द न बोलता आत गेला.

पुढच्या महिन्यात नंदा गेली. सोडायला भावकी तीन गाड्या भरून मुंबईपर्यंत आली होती. पोपटच्या आईनं भाकरीचा तुकडा ओवाळला आणि या वेळी स्वतः लांब टाकला. आत जाताना नंदानं काचेपलीकडून मागं वळून बघितलं, पण मधे इतकी माणसं आली की हात केला की नाही ते कुणालाच दिसलं नाही. सगळी गर्दी ओसरली तरी आबा तिथून हलेनात. पोपटनं त्यांना धरून गाडीत बसवलं.

*

दुसऱ्या दिवशी आबा भाड्यावर गेले नाहीत. अड्ड्यासमोर मंगलवहिनींचा एसटीडी बूथ होता. नंदानं पोचल्यावर त्याच नंबरवर फोन करायचा, असं ठरलेलं. आबा सकाळपासून बूथबाहेरच्या स्टुलावर बसून होते. मंगलवहिनींनी चहा दिला, तो निवून गेला. जेवायलाही उठले नाहीत. दुसरा कुणी फोन करायला आला की वहिनी त्याला पिटाळून लावायच्या: "लाइन मोकळी ठेवायचीय, दुसरीकडं जावा!" धंद्याचं त्या दिवशी वहिनींनी काही बघितलं नाही.

दुपारी फोन वाजला. वहिनींनी उचलला आणि ओरडल्या, "आबा, नंदा!"

आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते रिसीव्हर कानापासून जरा लांब, वाकडा धरायचे. कसा धरला की आवाज चांगला येतो, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या छोट्या बूथमध्ये मी, पोपट आणि वहिनी दाटीवाटीनं उभे होतो. सगळं ऐकू येत होतं.

"आबा, पोचले. खोलीत हाय."

आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "एकटीच गेलीस?"

"न्हाय आबा. बाहेर आले तर क्लाउस साहेब पाटी धरून उभं. माझ्या नावाची पाटी, जशी तुमी धरता तशी! त्येंच्या गाडीतनं आणलं. वाटंनं एक शब्द बोललं न्हाईत. हितं आले, माझी ब्याग उचलून दिली, काउंटरवर चावी मिळाली का ते बघितलं आन् बाहेर गेलं."

पोपटनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं, आणि आबांनी तर नाहीच.

"चांगलं झालं," आबा म्हणाले. "लय चांगलं झालं. मग आता ग्येलं आस्तील घरी."

"न्हाय आबा."

"आं?"

"खाली उभं हायत. गाडीच्या भाईर. हितं बर्फ पडतुय आबा, टोपी पांढरी झालीय त्येंची. वर बघत उभं हायत."

बाहेर अकलूजची एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. वहिनींनी हात लांब करून बूथचं दार ओढून घेतलं.

"मग?" आबांनी विचारलं. "हात केलास का न्हाय त्येन्ला?"

"अजून न्हाय."

"का गं?"

"म्हटलं, आदी तुमाला फोन लावावा. आबा, ठिवू नका हां फोन. खिडकी उगडते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग काहीतरी करकरलं आणि वाऱ्याचा घुं घुं आवाज सुरू झाला. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

आणि लांबून, अगदी बारीक, एक हॉर्न वाजला.